तळ्यातला ट्राउट: फ्लाय बदलण्याआधी खोली मोजा

ब्रिटिश कोलंबियात कॅमलूप्सच्या आसपासची ट्राउट माशांची छोटी तळी, म्हणजे रोश लेक, टंक्वा वगैरे, आता सगळ्यांनाच माहीत झालीत, मे महिन्यातल्या शनिवारी गेलात तर बोट लावायला जागा शोधत फिराल. व्हँकुव्हरहून चार तास गाडी हाणून जायचंच असेल तर मधला वार बघा. मासेमारीचं लायसन्स आधीच ऑनलाइन काढा, वर्षाचं लायसन्स ३१ मार्चला संपतं, आणि त्या तळ्याचे नियम वाचूनच निघा, कुठे फक्त इलेक्ट्रिक मोटर चालते, कुठे आमिष बंद.

गावाला ओढ्यावर गांडूळ लावून गळ टाकलेल्यांना एक गोष्ट आधी विचित्र वाटते, इथे गळाला वजनच नसतं, जाड लाइनच्या वजनावर फ्लाय (गळावर बांधलेला नकली किडा) पुढे जाते. ५ किंवा ६ वेटचा रॉड (हा आकडा लाइनच्या वजनाचा) आणि फ्लोटिंग, म्हणजे तरंगणारी लाइन एवढं सुरुवातीला पुरे.

आता मुद्द्याचं. बर्फ वितळल्यावर इथले ट्राउट जे भरपूर खातात ते कायरोनोमिड, डासासारखाच दिसणारा पण न चावणारा किडा. अळी तळाच्या चिखलात असते, कोष झाला की हळूहळू वर यायला लागतो, आणि मासा बऱ्याचदा तळाजवळच त्याला टिपतो. म्हणून फ्लाय तळापासून फूटभर वर लटकली पाहिजे. तीन फूट वर असली तर दिवसभर बसा हात हलवत (मी बसलोय, वर डबीतल्या सगळ्या फ्लाय बदलून झाल्या, खोली मात्र एकदाही बदलली नाही!).

मोजायचं कसं, तर फ्लायला आर्टरी फोर्सेप (डॉक्टरांचा लॉक होणारा चिमटा) वजन म्हणून अडकवा, बोटीच्या कडेने सरळ खाली सोडा, तळाला टेकलं की लाइन ताणून धरा आणि इंडिकेटर (लाइनवरचा छोटा तरंगता गोळा) पाण्याच्या फूटभर खाली येईल असा लावा. फोर्सेप काढला की फ्लाय बरोबर तळाच्या फूटभर वर. १५ फूट पाणी असेल तर लीडरही (जाड लाइन आणि फ्लायमधला बारीक दोरा) तेवढा लांब लागतो, आणि मग इंडिकेटर ओढल्यावर सुटून सरकणारा घ्या, नाहीतर तो रॉडच्या टोकाला अडकतो आणि मासा जाळीपर्यंत येतच नाही.

बोटीला दोन नांगर, पुढे एक मागे एक. एकाच नांगरावर बोट वाऱ्याने झुलते आणि फ्लायही सोबत फरफटते. टाकल्यावर ओढत बसू नका, लाटांनी जेवढी हलते तेवढी बास. इंडिकेटर जरा जरी दबला की रॉड उचला, विचार करायचा नाही.

शेजारच्याला मासे लागताहेत म्हणून त्याच्या बोटीला चिकटू नका, फार तर लांबूनच विचारा, "किती फुटावर?" बहुतेक जण सांगतात.

मासा परत सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाका, हात ओले करा, मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. जुलै-ऑगस्टमध्ये वरचं पाणी २० अंशांच्या वर गेलं की मी रॉड गुंडाळतो, त्या गरम पाण्यात सोडलेला ट्राउट पोहत गेला तरी बऱ्याचदा नंतर मरतो.