उन्हाळ्यात कोकण किनाऱ्याने फिरताना: वारा, पाणी आणि तिथी

मार्च ते मे या दिवसांत मोबाइलवर रत्नागिरीचं तापमान ३३-३४ अंश बघून निघालेली घाटावरची मंडळी दुपारपर्यंत गळून जातात. इथली हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि तो वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. ३४ अंशांच्या जोडीला ६० टक्के आर्द्रता असली की सावलीतही चाळिशी ओलांडल्यासारखं वाटतं. त्यामुळे दिवस आखताना आकड्यापेक्षा वारा बघा.

जमीन तापल्यावर साधारण अकरा-बाराला समुद्रावरून खारा वारा सुटतो. त्याआधीचे दीड-दोन तास सगळ्यात घुसमटीचे. तेव्हा चढण, किल्ला, लांबची चाल टाळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी पूर्वेकडचा कोरडा वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्याला उशिरापर्यंत आत येऊ देत नाही. मग किनाऱ्यावरही पारा ३८ च्या पुढे जातो. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांचा निकष लावतं, किनारपट्टीला मात्र ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त, एवढं झालं की उष्णतेची लाट धरतं. असा इशारा आला तर अकरा ते चार उन्हात निघूच नका.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जाणार असाल तर वेळ आणखी कडक पाळा. उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी इथली कातळशिल्पं उघड्या जांभ्यावर आहेत. वर झाड नाही, जवळ पाणी नाही आणि कातळ संध्याकाळपर्यंत धग सोडत राहतो. उजाडताच पोचा, नऊच्या आत उतरा. सकाळच्या तिरप्या उन्हात खोदलेल्या रेषा सावली धरतात आणि आकृती स्पष्ट दिसते. भर दुपारी तीच आकृती पायाखाली असून ओळखू येत नाही, म्हणजे ऊनही सोसायचं आणि हातीही काही लागायचं नाही. सुकलेल्या गवतात विडी-काडी अजिबात नको, वणवा लागायला वेळ लागत नाही.

पाणी दर माणशी दिवसाला चार लिटर धरा, तहान लागायची वाट न बघता घोट घोट घ्या. नुसतं पाणी पीत राहिलात आणि घामाने गेलेलं मीठ भरून निघालं नाही, तर पायात गोळे येतात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला (चहाचा चमचा). शहाळं, ताक, मीठ घातलेलं कोकम सरबतही चांगलं. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा: सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. जांभा सच्छिद्र आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी थांबत नाही. खोली ठरवतानाच पाण्याची सोय विचारून घ्या. यजमानांनी एक बादली सांगितली तर एकच वापरा. त्याच विहिरीवर वाडीचीही घरं असतात.

भरती-ओहोटीसाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. जागेनुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून गावात विचारून खात्री करा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून आहे; ती ओहोटीलाच, आणि पाणी चढू लागायच्या आत संपवायची. पोहायचं तर खाडीच्या मुखाशी कधीच नाही. ओहोटीला खाडीचं पाणी माणसाला सरळ समुद्रात ओढतं. गाडी पुळणीवर नेऊ नका. ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती थांबत नाही.

वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेरीबोटींनी गाडीसह खाडी ओलांडता येते आणि मोठा वळसा वाचतो. संध्याकाळची शेवटची फेरी आधी विचारून ठेवा. आंबा किंवा कुंभार्ली घाट चढताना इंजिनाचा काटा वर सरकला तर एसी बंद करा. थांबल्यावर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, वाफेने हात भाजतो. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून निकामी होतात.

मे सरत आला की बेत बदलतो. दुपारनंतर वळीव येतो, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यासाठी बंद होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये या किनाऱ्याजवळून गेलं, निसर्ग तर ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. बंदरात तीन नंबरचा (खराब हवामानाच्या इशाऱ्याचा) बावटा लागला असेल, तर ऊन कितीही लख्ख असलं तरी होडीत बसू नका.