घळईत उतरण्याआधी चढाचा हिशोब

गडावर जाणाऱ्यांना एक सवय लागलेली असते: आधी चढ, मग उतार. दम लागला, पाणी संपत आलं, कोणाचा गुडघा बोलू लागला, तर तिथूनच मागे फिरायचं. परतीची वाट उताराचीच असते. घळईत सगळं उलटं. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी, गप्पा मारत आपण खाली जातो आणि खरा चढ सुरू होतो तो ऊन चढल्यावर, तापल्या दगडावर, अर्ध्या बाटलीनिशी. गाडीचंही तेच. जी घसरण उतरताना गाडी आपसूक उतरते, ती परत चढताना तिला पेलेलच असं नाही. सोलापूरहून मित्रमंडळी दोन-तीन गाड्या काढून बदामी किंवा गंडिकोटकडे निघणार असतील, तर सगळी तयारी या एका हिशोबाभोवती करावी.

कुठे आणि कधी

बदामी जवळची. विजयपूरमार्गे साधारण सव्वादोनशे किलोमीटर, एका मुक्कामात होते. तांबड्या वालुकाश्माचे कडे, त्यांच्यामधल्या अरुंद घळी, अगस्त्य तलावाच्या वरचे किल्ले. पायांचा सराव इथेच करावा. गंडिकोट आंध्रात, पेन्ना नदीने एर्रमला डोंगरात कोरलेली घळई, काही ठिकाणी ३०० फुटांच्या आसपास खोल. जिल्हा कडप्पा, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या काळ्या फरशीला नाव देणारा. ही फरशी थराथराने फुटते आणि तिच्या कडा सुरीसारख्या असतात, हे टायरचा विचार करताना आठवायचं. अक्कलकोट, कलबुर्गी, रायचूर करत आंध्रात शिरायचं. शेवटचं मोठं गाव जम्मलमडुगू, तिथून किल्ला १५ किलोमीटरच्या आसपास. पूर्ण एक दिवस गाडीतच जातो, म्हणून किमान तीन दिवस काढा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, बस्स. मार्चपासून दगड रात्रीसुद्धा नीट निवत नाही. पावसाळ्यात कोरड्या ओढ्यात गाडी लावून जेवायला बसू नये. डोक्यावर आभाळ स्वच्छ असलं तरी वर कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा येतो.

सराव घरच्या रानात

मुरमाड पडीक माळ सरावाला उत्तम, मालकाला विचारून. हिवाळ्यात रब्बीची ज्वारी उभी असते. बांधावरून गाडी घालू नका. नान्नजचं माळरान मोकळं दिसतं, पण ते माळढोक अभयारण्य आहे, तिथे वाट सोडून चाक टाकायचं नाही.

काळ्या मातीबद्दल एकच सांगणं आहे: ओली असेल तर जाऊ नका. मंगळवेढ्याकडच्या रानात एक पाऊस झाला की माती फुगते, चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत टायरच्या खाचा भरतात आणि महागातला मड टायरसुद्धा गुळगुळीत लाटणं होतो. फोर-बाय-फोर असली तरी चारही चाकं जागच्या जागी फिरतात एवढंच. हवा कमी करून विशेष फरक पडत नाही. ऊन पडू द्या, वर पापुद्रा धरू द्या, मग बघू.

हवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट. थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ कोणतीही असो, दारावरच्या स्टिकरवर डांबरी रस्त्याची हवा लिहिलेली असते, समजा ३० पीएसआय. दगडी वाटेवर ती २२ ते २४ वर आणा. टायर मऊ झाला की दगडाला कवटाळतो, नुसता वरून उडत नाही, आणि टोकदार दगडाचा मार पोटात जिरवतो. नदीच्या कोरड्या वाळूत १६ ते १८. रुतलीच तर तेवढ्यापुरती १४. त्याखाली गेलात आणि वळणावर जोरात स्टिअरिंग मारलंत, तर टायर रिमवरून सुटतो. मग जॅक, पंप आणि उरलेला दिवस. कमी हवेचा दुसरा तोटा असा की टायर बाजूला फुगतो आणि तिथेच फरशीची कड लागते. टायरच्या तळव्याचं पंक्चर दोरीच्या किटने दहा मिनिटांत निघतं, बाजूची चीर निघत नाही. दगडात १८ पर्यंत खाली उतरायचा मोह म्हणूनच टाळायचा.

हवा कमी असताना वेग ताशी ३० च्या आत. डांबर लागलं की हौसेने सुटायचं नाही, आधी थांबून हवा भरायची. मऊ टायर वेगात तापतो आणि फुटतो. १२ व्होल्टचा कंप्रेसर थेट बॅटरीच्या टर्मिनलला चिमट्यांनी लावणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप चार टायर भरताना तापून बंद पडतो किंवा फ्यूज उडवतो. भरताना इंजिन चालू ठेवा. प्रेशर गेज सगळ्या गाड्यांत एकच वापरा; दोन गेज कधीच सारखं सांगत नाहीत.

उतार, चढ आणि मधला घोळ

फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारी जोडणी, घालताना गाडी थांबवा, गिअर न्यूट्रलला, मग लिव्हर. खरखर झाली तर जोर न लावता गाडी वीतभर हलू द्या आणि पुन्हा घाला. कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर चालवू नका: वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, डांबरावर ती घसरून मोकळी होत नाहीत आणि सगळा ताण शाफ्टमध्ये साठतो. लिव्हर निघेनाशी झाली तर तेच झालेलं असतं. सरळ रेषेत पाच-सात मीटर रिव्हर्स घ्या, सुटते.

उतरण्याआधी एकाने पायी खाली जाऊन यायचं. बघायचं काय? खाली गाडी वळवायला जागा आहे का, आणि सगळ्यात अशक्त गाडी परत वर येईल का. यातल्या एकाचंही उत्तर ‘बहुतेक’ असं आलं तर गाड्या वरच.

उतार फोर-लो, पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला. नवशिका नेमका इथे घाबरून क्लच दाबतो, इंजिनाची पकड सुटते आणि गाडी स्वतःच्या वजनाने पळते. ब्रेक टेकवायचा, दाबून धरायचा नाही. चाकं जाम झाली की गाडी स्लेजसारखी घसरते. उतारावर आडवं वळायचं नाही. चढताना मध्ये बंद पडली तर ब्रेक, मग रिव्हर्स गिअर, आणि सरळ मागे, आरशात बघत. तिथल्या तिथे वळवून घेऊ म्हणणारे गाडी कुशीवर निजवतात. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, बाहेरून ठेवा. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्याने फिरतं.

डिझेलचा हिशोब हायवेच्या मायलेजवर मांडू नये. फोर-लोमध्ये तेवढ्याच अंतराला दुप्पट धरा आणि डांबर सोडताना टाकी भरलेली हवी.

रुतल्यावर

चाक फिरायला लागलं की पाय काढा. आणखी दोनदा रेस केलंत तर गाडी पोटावर बसते आणि पाच मिनिटांचं काम तासाचं होतं. आधी हवा कमी करा, मग चारही चाकांच्या पुढची वाळू फावड्याने उतरती काढा, पोटाखालचीही. रिकव्हरी बोर्ड, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या, असतील तर चाकाखाली खुपसा. नसतील तर गोणपाट दुमडून. जॅक वाळूत स्वतःच खाली जातो, म्हणून १५ इंच चौरस, इंचभर जाडीचा प्लायचा तुकडा डिकीत ठेवावा.

दोराने ओढणं हा या सगळ्या खेळातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. दोर बांधायचा तो चॅसिसच्या रिकव्हरी हुकाला. बंपरला नाही, आणि ट्रेलरच्या बॉलला तर मुळीच नाही. तो बॉल तुटून निघाला की गोळीसारखा काचेतून जातो. शॅकल, म्हणजे दोर हुकाला जोडणारे पिनचे लोखंडी कडे, ४.७५ टनाचे, पिन पूर्ण आवळून पाव फेरा सैल. रबरासारखा ताणणारा कायनेटिक दोर असेल तर दीड-दोन मीटर ढील देऊन हलका वेग घ्या. साधा पट्टा असेल तर झटका अजिबात नको, आधी ताण, मग ओढ. दोराच्या मधोमध एक जड सोलापुरी चादर ओली करून टाका. दोर तुटलाच तर ती त्याला खाली पाडते. दोन घड्या घातलेली डबल बेडची उत्तम. बाकी मंडळींनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं, मोबाइलवर शूट करणाऱ्यानेही.

आडरानात मदतीला येतो तो बहुधा ट्रॅक्टरवाला, लोखंडी साखळी घेऊन. देवमाणूस असतो, पण हिसका द्यायची सवय असते. साखळी ताणत नाही, तुटते. ‘दादा, पहिल्या गिअरला, सावकाश’ एवढं आधी बोलून घ्या.

पायी

गंडिकोटला गाडी वरच, काठापासून बरीच मागे, पहिल्या गिअरमध्ये आणि चाकाला दगड लावून. पुढे मोठमोठ्या शिळांवरून हात टेकत उतरावं लागतं. मोठा दगड सहसा दगा देत नाही. दगा देते ती सपाट शिळेवरची बारीक खडी, शेंगदाण्यांवर पाय पडल्यासारखी. बुटाचा तळ मऊ रबराचा हवा, जाड खाचांचा नाही.

वेळ अशी काढा: साडेसहाला उतरायला लागायचं आणि अकराला वर यायचं, म्हणजे हातात साडेचार तास. चढायला उतरण्याच्या दुप्पट धरायचं. तिसरा हिस्सा झाला दीड तास, म्हणून आठ वाजता जिथे असाल तिथून मागे. नदी वीस पावलांवर दिसत असली तरी. प्यायच्या पाण्याला हाच नियम: माणशी ४ लिटर, त्यातला तिसरा हिस्सा संपला की चढ सुरू. गाडीत २० लिटरचा जार वेगळा, त्याला जाताना हात लावायचा नाही. बदामीत बाटली हातात नाचवू नका. तिथली माकडं ती नेतात, पिशवीसकट.

नुसतं पाणी ढोसून मीठ कमी पडतं, डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसचं पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शिधा आपल्याकडचाच बरा: कडक भाकरी मोडत नाही, नासत नाही, आणि शेंगा-चटणीत तेल आणि मीठ दोन्ही असतं. फक्त कडक भाकरी पाणी मागते, ते मोजणीत धरा.

कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर त्याला नुसतं ऊन लागलं म्हणून बसवून ठेवू नका. तो उष्माघात आहे. सावली, कपडे सैल, मान-काखा-जांघा ओल्या, जोराने वारा. शुद्ध नीट नसताना तोंडात पाणी ओतायचं नाही. १०८ ला फोन.

कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ, विडी, शेकोटी, फटाका काही नको. दगडाच्या कपारीत बघितल्याशिवाय हात घालू नका; फुरसं मातीच्या रंगाचं असतं आणि हलत नाही. चावलंच तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं सगळं बंद. अंगठी-कडं काढा, हात-पाय फळीला बांधून स्थिर करा आणि माणसाला चालू न देता दवाखान्यात न्या. पेन्नाच्या पाण्यात पोहायला उतरू नये: मैलवरम धरणाचं पाणी घळईत मागे तुंबतं, खोली कळत नाही आणि उभ्या, निसरड्या कड्यावरून बाहेर यायला जागा नसते.

घरी आल्यावर

चाकांचे नट पुन्हा आवळा, टायरच्या खाचांतले खडे स्क्रू ड्रायव्हरने काढा, गाडीखाली अडकलेलं वाळलं गवत ओढून टाका. ते सायलेन्सरला लागून पेटतं. आणि परतीच्या रस्त्यावर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरत असेल, तर अलाइनमेंटवाल्याकडे पळण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. बहुतेक वेळा तिथे एकाच जागी मूठभर काळी माती वाळून विटेसारखी बसलेली असते.