गोगलगायी मोजल्यात, पण नुसत्या सरासरीवर जाऊ नका

मालवणकडच्या खडकांवर ओहोटीला चौकट (ठरलेल्या मापाची चौकोनी फ्रेम) ठेवून तिच्यातल्या गोगलगायी मोजल्या की पोरं थेट सरासरी काढून मोकळी होतात आणि निष्कर्ष तिथंच घसरतो.

१. खडकांचा वरचा पट्टा (किनाऱ्याकडचा), खालचा पट्टा (पाण्याकडचा), दोन्हींचे दर चौकटीतले आकडे लहान ते मोठे असे मांडा.
२. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा सरासरीशेजारी लिहा. समजा वर ४ ते १९ आणि खाली ११ ते २६ आलं, तर आकडे एकमेकांत घुसलेत, मग 'खाली जास्त आहेत' असं ठासून लिहू नका, आधी अजून पाच-सहा चौकटी मोजा, भरती चढायच्या आत.

एखादा आकडा भलताच आला तर खोडू नका हां, त्याला गोल करा नि बाजूला कारण लिहा, कधी कधी चौकट नेमकी ओल्या कपारीवर पडलेली असते.