स्वतःची क्रीडा-फिजिओ सेवा सुरू करताय? या चुका टाळा

माझं ॲप बावीस खेळाडूंनी फोनवर घेतलं. चौथ्या दिवशी ते उघडणारा एकटा मीच उरलो होतो. गोव्यात फोंड्याजवळच्या एका फुटबॉल क्लबसाठी हौसेने बनवून घेतलेलं होतं ते. झोप, दुखणं, थकवा, पाणी असे चौदा रकाने त्यात होते. पावसातला सराव आटोपून चिखलाच्या हातांनी ते भरणार कोण? शेवटी प्रशिक्षकच म्हणाले, "सर, भुरग्यांना (पोरांना) विचारा, लिहायला लावू नका."

गरज न विचारता वस्तू बनवायची, ही या धंद्यातली सगळ्यात महागडी चूक. आता मी एकच प्रश्न विचारतो: आजचा सराव शून्य ते दहामध्ये किती जड गेला? उत्तराला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. सात म्हणाला आणि नव्वद मिनिटं खेळला, तर ६३०, हा त्या दिवसाचा भार. व्यायामशास्त्राचे अमेरिकी संशोधक कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली ही पद्धत चालवायला एक वही पुरते. एखाद्याची आठवड्याची बेरीज एकदम उसळली की प्रशिक्षकांशी बोलायचं. सगळ्यांचे आकडे सारखेच येऊ लागले, तर समजा की पोरं एकमेकांचं ऐकून सांगताहेत. मग एकेकाला बाजूला घ्यावं, तेही सराव संपून अर्धा तास झाल्यावर. शिट्टी वाजताच विचारलं तर शेवटच्या पाच मिनिटांची दमछाकच तेवढी आकड्यात उतरते.

दुसरी चूक चकचकीत यंत्रांची. कर्ज काढून उपचारयंत्र घेणारे मी पाहिलेत, पण त्यांच्या मैदानावर बर्फाचा टब नसतो. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. खेळता खेळता मुलगा बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग भाजतंय असं लागलं, तर उष्माघात धरूनच चला. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका. १०८ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत त्याला थंड करत राहा. आधी थंड करणं, मग हलवणं. शरीराचं आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं, ते अर्ध्या तासात ३९च्या खाली आणायचं असतं. टब नसेल तर ताडपत्रीवर झोपवून चौघांनी कडा उचलून धरायच्या, आत बर्फ-पाणी ओतायचं आणि हलवत राहायचं. तोंड मात्र पाण्याबाहेर हवं. ताडपत्री आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी घरोघरी काढतातच. मालिम, कुटबणच्या जेटीवर मासळीला लागणारा बर्फ यालाही चालतो, फक्त तो पिण्याच्या पाण्यात घालू नका. क्लबला मी विकतो ती ही तयारी: टब, ताडपत्री, बर्फवाल्याशी आधीच केलेली बोलणी आणि चौघांची तालीम.

पाटीवरच्या नावाचंही बघा. अमेरिकेत ‘ॲथलेटिक ट्रेनर’ हा आरोग्यसेवेतला वेगळा पेशा आहे, तिथल्या वैद्यकीय संघटनेने १९९० साली त्याला मान्यता दिली. आपल्याकडे तेच नाव लावलं की लोक वजन उतरवायला येतात. फिजिओथेरपिस्ट असाल तर तेच लिहा. हा पेशा २०२१च्या केंद्रीय कायद्याखाली येतो. नुसता जिमचा डिप्लोमा असेल तर निदान-उपचाराची भाषा नको. आणि पहिल्या दिवसापासून एका अस्थिरोगतज्ज्ञाशी संधान बांधा. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखलं किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर सांध्याला आधाराची चिकट टेप लावून पुन्हा खेळवू नका, एक्स-रेला पाठवा. गिऱ्हाईक जाईल ही भीती मलाही होती. झालं उलटंच, तोच डॉक्टर नंतर माझ्याकडे रुग्ण पाठवू लागला.

पैशांचं थोडक्यात. "सर, या हो" म्हणून गावच्या स्पर्धेचं बोलावणं येतं, संध्याकाळी शाल-नारळ मिळतो आणि पेटीतली टेप संपलेली असते. सामन्याच्या दिवसाचा दर, सामान आणि प्रवास असे तीन वेगळे आकडे आधीच कागदावर घ्या. उपचारसेवेला जीएसटी माफ आहे, पण फिटनेस वर्ग आणि बेल्ट-टेपच्या विक्रीला ती माफी लागू होत नाही. म्हणून बिलं पहिल्यापासून वेगळी करा आणि वर्षाला एकदा तरी सीएला दाखवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

करार करताना चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, दिवस सोडून द्या. मी एकदा चवथीच्या आदल्या सोमवारी शिबिर ठेवलं होतं, त्याला प्रशिक्षकसुद्धा आले नाहीत.

आणि मे महिन्यात टेपचा खोका गाडीच्या डिकीत ठेवू नका. गोंद पाघळून रोलचे थर एकमेकांना चिकटतात आणि नेमक्या सामन्याच्या आधी, खेळाडू पाय पुढे करून बसलेला असताना, हातात चिंध्या येतात.