प्रायोगिक मानसशास्त्रात येताय? आधी सहभागीच्या खुर्चीत बसा

या क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक जण मनाबद्दलचे मोठमोठे प्रश्न घेऊन येतात. वाट्याला येते ती अंधारी खोली, एक मॉनिटर आणि पडद्याच्या मधोमध अधिकची बारीकशी खूण. सहभागीने त्या खुणेवरून नजर हलवायची नाही, बाजूला ठिपका दिसला की बटण दाबायचं, आणि हे शेकडो वेळा करायचं. कित्येकांचा इथेच हिरमोड होतो. मला मात्र सगळी गंमत त्या खुणेपाशीच वाटते.

मानसशास्त्रज्ञ मायकेल पोस्नर यांनी १९८० च्या सुमारास नावारूपाला आणलेला प्रयोग घ्या. ठिपका येण्याआधी एक बाण दाखवतात. बहुतेक वेळा ठिपका बाणाच्या दिशेलाच येतो, कधीकधी मुद्दाम उलट्या बाजूला. डोळे जागचे हललेले नसतात, तरी बाण खरा ठरला की बटण लवकर दाबलं जातं आणि खोटा ठरला की उशिरा. नजर स्थिर असतानाही लक्ष सरकतं, हे असं मोजून दाखवता येतं. फरक असतो काही मिलिसेकंदांचा (सेकंदाच्या हजाराव्या भागांचा), फार तर काही डझन मिलिसेकंदांचा. एवढ्याशा फरकावर विधान करायचं, तर बाकीच्या सगळ्या शक्यता एकेक करून बाद कराव्या लागतात. आमचं खरं काम तेच.

म्हणून माझा पहिला सल्ला: स्वतःचा प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः देऊन बघा, मधे न थांबता. थोड्या वेळाने हात आपोआप चालायला लागतो. ठिपका दर वेळी बरोबर एका सेकंदाने येत असेल, तर तो ताल अंगात भिनतो आणि ठिपका दिसायच्या आधीच बटण दाबलं जातं. म्हणजे तुम्ही लक्ष मोजतच नसता, अंदाज मोजत असता. उपाय जुनेच आहेत: मधला वेळ दर फेरीला बदलता ठेवा आणि ठिपका येतच नाही अशा काही रिकाम्या फेऱ्या पेरा. पुस्तकात हे दोन ओळींत उरकतात. खुर्चीत बसल्यावर ते का लागतं ते कळतं. सूचना समजतात का, विश्रांती पुरेशी आहे का, हेही तिथेच उमगतं.

दुसरी गोष्ट यंत्राची. ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं काढणारा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र काढतो. म्हणजे एखादी आकृती १६.७ किंवा ३३.३ मिलिसेकंद दाखवता येते. २० मिलिसेकंद दाखवताच येत नाही. नवख्या मुलांच्या आराखड्यात ‘२० मिलिसेकंद’ दिसलं की मी हळूच विचारते, “मॉनिटर कोणता?” वेळ मिलिसेकंदांत न लिहिता फ्रेममध्ये, म्हणजे मॉनिटरच्या किती चित्रांपुरती, अशी लिहायची सवय लावा. कीबोर्डही आपला थोडा वेळ खातो. पण तो उशीर दोन्ही परिस्थितींत (बाण खरा असताना आणि खोटा असताना) सारखाच पडत असेल, तर एकाच माणसाच्या दोन वेळांची तुलना बरीचशी शाबूत राहते. ब्राउझरवरचे प्रयोग त्यामुळेच निभावतात.

सुरुवात कशाने करावी? स्ट्रूपच्या प्रयोगाने. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला असताना शाईचा रंग सांगायला वेळ लागतो, हे १९३५ पासून इतक्यांदा दिसलंय की तुमच्या प्रयोगात तो परिणाम आला नाही तर आधी स्वतःचा कोड तपासा. सायकोपाय हे असे प्रयोग तयार करायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालतं. पहिल्या आठवड्यात नवीन सिद्धान्त मांडायची हौस बाजूला ठेवून हा एक प्रयोग कच्च्या डेटापासून आलेखापर्यंत पूर्ण करा.

अध्ययनावर काम करणार असाल, तर आणखी एक पेच आहे: मोजायचं कधी? रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवणारे. चाचणी तेवढी पाच मिनिटांनीच घेतली असती, तर निष्कर्ष उलटा निघाला असता. पण आठवड्याने माणसं परत यावी लागतात, आणि सगळी येत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच जास्त जण घ्या, आणि कोण आलं नाही याची नोंद ठेवा. एकाच गटातले जास्त गळाले, तर उरलेल्यांची तुलनाच फसवी होते.

संख्याशास्त्राला घाबरू नका, पण ते शेवटी करायचं काम समजू नका. प्रतिसादाच्या वेळांचा आलेख उजवीकडे लांब शेपटी काढतो. थोड्या संथ फेऱ्याही सरासरी ओढून नेतात, म्हणून मध्यकही (सगळ्या वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ) बघा. कोणत्या फेऱ्या वगळायच्या हे डेटा बघण्याआधी लिहून ठेवा. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा होता, पुनरावृत्तींपैकी जेमतेम ३६ टक्क्यांत. तेव्हापासून आराखडा आधीच नोंदवून ठेवण्याची पद्धत रुळत गेली. कटकट वाटते खरी, पण नंतर मार्गदर्शकाशी होणारे निम्मे वाद टळतात.

सहभागी मधेच विचारतात, “बरोबर करतेय ना मी?” तोंडातून “छान चाललंय” निघू देऊ नका. सगळ्यांसाठी एकच ठरलेलं उत्तर ठेवा: “सूचनेप्रमाणे करत राहा.” आणि तेही चेहरा न बदलता. ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा गणितं सोडवतो अशी एके काळी ख्याती होती. तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता, हे ऑस्कर फुंगस्ट यांनी १९०७ मध्ये दाखवलं. माणसं तर घोड्यापेक्षा जास्त वाचतात.

प्रयोगशाळा निवडताना प्रमुखाच्या शोधनिबंधांची यादी बघालच. त्याआधी तिथल्या सगळ्यात नव्या विद्यार्थ्याला गाठून दोन प्रश्न विचारा: परिणाम आला नाही तेव्हा काय होतं? आणि दोन वर्षांपूर्वीचा कच्चा डेटा आत्ता उघडून दाखवता येईल का? दुसऱ्या प्रश्नावर तो हसायला लागला, तर आणखी एखादी प्रयोगशाळा बघून या.