होडी वर ओढली की आधी गिअर ऑइल बघा
पावसाळी मासेमारी बंदीत होडी वर ओढलीत की जुन्या आउटबोर्डचं, म्हणजे होडीच्या मागे टांगलेल्या इंजिनाचं, गिअर ऑइल लगेच काढून बघा, ऑगस्टवर ढकलू नका. मशीन उभंच ठेवा. गिअरच्या पेटीचा खालचा स्क्रू आधी सोडवा, मग वरचा. तेल दुधाळ आलं तर आत पाणी शिरलंय. बहुतेकदा पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टचं सील, म्हणजे पाणी अडवणारी रबरी रिंग, गेलेलं असतं आणि ते कापते शाफ्टला गुंडाळलेली तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉन दोरी. पंखा उतरवून ती काढा, सील बदला. नवं तेल खालच्याच भोकातून पंपाने भरा, वरून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते. आता आधी वरचा स्क्रू, मग खालचा. वॉशर मात्र नवेच घाला, तिथे कंजूषी नको.