खोकलं, हसलं की लघवी सुटते? लपवत बसण्याआधी हे करून बघा

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर जवळजवळ सहा वर्षं मी हा त्रास एका डॉक्टरांशिवाय कोणाला म्हणजे कोणालाच न सांगता काढला, नवऱ्यालाही नाही, आणि उपचार सुरू केल्यावर चारेक महिन्यांत इतका फरक पडला की ती सहा वर्षं आठवली की अजून जीव हळहळतो. तुमची तेवढी वर्षं जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

त्या वर्षांत काय काय सुटत गेलं बघा. आधी दोरीच्या उड्या बंद, मग बॅडमिंटन बंद, मग मोठ्याने हसणं बंद. कुठेही गेलं की पहिली नजर टॉयलेट कुठे आहे त्यावर, बसायला कायम कडेची सीट, अंगात काळी पॅन्ट आणि पर्समध्ये एक जादाची घडी करून ठेवलेली. शिंक येतेय असं वाटलं की पाय आपोआप एकमेकांवर. आणि डोक्यात दिवसभर एकच, वास तर येत नाहीये ना? लोकांना वाटायचं ही हल्ली तुटक वागते, मलाही हळूहळू वाटायला लागलं की आपण अशाच आहोत, कंटाळवाण्या, लवकर म्हातारं झालेल्या. थेंब गळायचे दिवसातून तीन-चार वेळा पण मी त्यांचा विचार करण्यात पूर्ण दिवस घालवायचे.

तर सुरुवात वहीपासून करा. तीन दिवस लिहायचं, त्यात एखादा कामाचा दिवस आणि एखादा सुट्टीचा असू दे. किती वाजता काय आणि किती प्यायलं, किती वाजता लघवीला गेलं, किती झाली (मापाचं एक प्लॅस्टिकचं भांडं बाथरूममध्येच ठेवून द्या), आणि गळली तर त्या क्षणी तुम्ही काय करत होतात. कंटाळवाणं आहे, मान्य, पण माझ्या वहीत दिसलं की मी दिवसाला चौदा वेळा जातेय आणि बऱ्याचदा जेमतेम ८०-१०० मिली होतेय. मोठ्या माणसाच्या लघवीच्या पिशवीत ४०० ते ५०० मिली आरामात मावते आणि २४ तासांत साधारण आठ वेळांपर्यंत जाणं नॉर्मल धरतात. मी 'असू दे, जाऊनच येऊ' म्हणून जात होते आणि पिशवीला थोडं भरलं की लगेच ओरडायची सवय लावून ठेवली होती.

वहीवरून प्रकारही कळतो. खोकला, शिंक, हसणं, उडी, जड उचलणं अशा वेळी गळत असेल तर खालच्या स्नायूंचा आधार कमी पडतोय. अचानक अशी लागते की टॉयलेटच्या दारापर्यंत पोचेस्तोवर दम निघत नाही, तर पिशवीच नको तेव्हा आवळतेय. दोन्ही असू शकतं, मला दोन्ही होतं. आणि पिशवी कधी पूर्ण रिकामीच होत नसेल, सतत थेंब थेंब येत असेल तर तो तिसरा प्रकार, त्यात घरगुती प्रयोग करत बसू नका, थेट तपासून घ्या.

आता डॉक्टर. मी पहिल्यांदा जिथे गेले तिथे ऐकलं, दोन मुलं झाली आता हे चालायचंच. मी मान हलवून परत आले आणि पुढची दोन वर्षं गप्प. असं कोणी म्हणालं तर डॉक्टर बदला. पुष्कळ जणींना होतं हे खरं, पण त्यावर इलाज नाही हे खरं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ चालतील, युरोलॉजिस्ट चालतील, पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम करणारी फिजिओथेरपिस्ट मिळाली तर सोन्याहून पिवळं. समोर बसल्यावर शब्द फुटत नाहीत म्हणून वाक्य आधीच लिहून न्या, मी हे नेलं होतं: 'खोकताना आणि घाईची लागली की लघवी गळते, रोज पॅड लागतं, आणि यामुळे मी नवऱ्याजवळ जायचं टाळते.' तो शेवटचा तुकडा गाळू नका हं, कारण नुसतं 'थोडं गळतं' म्हटलं की समोरच्याला ते थोडंच वाटतं.

लघवीत इन्फेक्शन आहे का, शुगर वाढलीय का, लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते हे बघतात. चालू असलेल्या गोळ्यांची यादी न्या. लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या असतात, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी (एसीई इनहिबिटर म्हणतात त्या गटातल्या) कोरडा खोकला लागतो आणि खोकला म्हणजे गळणं आलंच. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आणि काही गोष्टींत थांबायचंच नाही: लघवीतून रक्त, ताप आणि जळजळ, लघवी अजिबात होत नाहीये आणि पोट तटतटलंय, बाळंतपण किंवा ऑपरेशननंतर दिवसरात्र सतत गळणं. बसायची जागा बधिर वाटतेय, पायात ताकद नाही आणि अचानक लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच क्षणी हॉस्पिटल, मणक्यातल्या नसा दबलेल्या असू शकतात.

व्यायाम, यावर मी जास्त लिहिणार आहे कारण बहुतेक जणी तो चुकीचा करतात आणि मग म्हणतात काही उपयोग नाही. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते, तिच्यावर लघवीची पिशवी, गर्भाशय, गुदाशय हे सगळं टेकलेलं असतं. अमेरिकेतल्या आर्नल्ड केगल नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं, म्हणून नाव केगल. सापडायचे कसे? गुडघे दुमडून पाठीवर झोपा. गॅस अडवतोय असं मागून आवळा, मग लघवी अडवतोय असं पुढून, आणि ते सगळं आत आणि वर ओढून घ्या. पोट, नितंब, मांड्या सैलच राहिल्या पाहिजेत आणि श्वास चालू पाहिजे, मोजता मोजता तोंडाने एक-दोन-तीन बोललं की श्वास अडकत नाही.

मी वर ओढायच्या ऐवजी खाली ढकलत होते. दोन महिने व्हिडिओ बघून मन लावून उलटंच केलं! फिजिओने हातमोजा घालून योनीमार्गात एक बोट ठेवलं, म्हणाली आवळा, आणि लगेच म्हणाली, थांबा, तुम्ही मला बाहेर ढकलताय. मग तिने सांगितलं की जमिनीवर पडलेला रुमाल आतून उचलून घ्यायचा आहे असं समजा, आणि तेव्हा पहिल्यांदा ते आत उचललं गेलेलं मला जाणवलं. स्वच्छ धुतलेलं बोट ठेवून घरीही बघता येतं, बोटाभोवती आवळून ते वर ओढल्यासारखं वाटलं पाहिजे.

जितकं जमेल तितकं धरा, सुरुवातीला तीन सेकंदसुद्धा खूप वाटतात, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. वाढवत दहा सेकंदांपर्यंत न्या. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, आणि कमीत कमी तीन महिने. मला पहिला महिनाभर काहीही फरक नव्हता, नेमकं तिथेच लोक सोडतात, तुम्ही सोडू नका. लघवी करताना मध्येच धार अडवून रोज व्यायाम करायचा नाही, त्याने पिशवी नीट रिकामी होत नाही. सैल सोडणं पण आवळण्याइतकंच महत्त्वाचं. आणि संबंधाच्या वेळी दुखत असेल तर स्नायू आधीच ताठलेले असू शकतात, मग आवळत बसलं तर त्रास वाढतो, त्यांनी आधी फिजिओला दाखवावं. शिंक किंवा खोकला येतोय असं कळलं की त्याच्या आधी आवळून धरायचं, वजन उचलायच्या आधीही. हे अंगवळणी पडलं ना की माझा अर्धा त्रास तिथेच कमी झाला.

घाईची लागते त्यांच्यासाठी: धावू नका. उभ्या जागी थांबा, जमलं तर बसा, पटापट पाच-सहा वेळा आवळा-सोडा, शंभरातून सात सात वजा करत मोजा. ती लाट ओसरते, खरंच ओसरते, मग शांतपणे चालत जा. दोन वेळांतलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं, निदान सहा आठवडे.

पाणी मात्र तोडू नका, मी तोडलं होतं, लघवी गडद होऊन पिशवीला अजून टोचते आणि वर बद्धकोष्ठता, आणि कुंथण्याने तेच स्नायू ढिले पडतात. दिवसभरात दीड-दोन लिटर बहुतेकांना पुरतं, किडनी-हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तितकं. चहा-कॉफी कमी करायची, पण एकदम बंद केली तर डोकं दुखतं म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांत उतरवा. वजन जास्त असेल तर थोडं कमी होण्यानेही फरक पडतो, २००९ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात सरासरी ८ टक्के वजन उतरलेल्या बायकांचं आठवड्याचं गळणं जवळपास निम्म्यावर आलं होतं. आणि पाळीचं पॅड वापरू नका, लघवीचे वेगळे मिळतात, ते पातळ लघवी पटकन ओढून घेतात आणि वासही दाबतात. पॅड लावलं म्हणून स्वतःला आजारी समजायचं नाही, उपचार लागू पडेपर्यंतची ती सोय आहे.

आता जवळिकीचं. मी रात्री कूस बदलून झोपायचे. तो जवळ आला की उद्या लवकर उठायचंय, डोकं दुखतंय, काहीतरी. भीती दोनच, एक तर मध्येच सुटेल आणि दुसरं म्हणजे त्याला किळस येईल. पुढे त्याने विचारायचंही सोडलं आणि मला वाटलं बरं झालं, सुटले. मग एका रात्री दिवा बंद केल्यावर त्याने हळू आवाजात विचारलं, मी तुला नकोसा झालोय का गं? सहा वर्षं तो हे मनात घेऊन शेजारी झोपत होता. मी तोंड उशीत घालून रडत रडत सगळं सांगितलं. तो गप्प ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, एवढंच? मला वाटलं काय झालंय. तेव्हा त्या 'एवढंच'चा मला रागही आला होता, पण त्यानंतर, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा, मी त्याच्या हातावर डोकं ठेवून झोपले.

तुम्हाला सांगायचं असेल तर अंथरुणात नको, त्या क्षणी तर नकोच. चालताना किंवा गाडीत, जिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तिथे सोपं जातं. आधी शरीरात काय होतंय ते सांगा, मग 'तू नकोसा आहेस म्हणून नाही, मला लाज वाटते म्हणून टाळते' हे स्पष्ट शब्दांत, आणि तिसरं म्हणजे त्याने काय करावं. मी म्हणाले होते, झालंच तर थांबू नकोस, विचारू नकोस, टॉवेल असेल. जोडीदार वाचत असेल तर एक विनंती, लगेच उपाय सुचवू नका, आणि चेष्टा तर अजिबात नको, प्रेमाने केलेलीही नको.

बाकी मग सगळं व्यवहारातलं. आधी लघवीला जाऊन या, तासभर आधी फार पिऊ नका, खाली जाड गडद टॉवेल, गादीवर वॉटरप्रूफ कव्हर. आत शिरताना गळत असेल तर पोझिशन बदला, तुम्ही वर असाल किंवा कुशीवर असाल तर पोटावर दाब कमी येतो आणि वेग तुमच्या हातात राहतो. अगदी शेवटच्या क्षणी, म्हणजे ऑरगॅझमच्या वेळी, सुटत असेल तर ते बऱ्याचदा पिशवी आवळण्यामुळे असतं, डॉक्टरांना हे वेगळं सांगा. पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो तिथे ल्युब्रिकंट वापरा, आणि योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम डॉक्टर देतात, त्याने घाईच्या लघवीलाही फायदा होतो. सुरुवातीचे काही आठवडे नुसतं जवळ झोपणं, पाठ चोळणं एवढंच ठरवून ठेवा, त्यापुढे जायचं नाही हे दोघांना माहीत असलं की अंग आपोआप सैल पडतं.

पुरुषांनाही हे होतं, विशेषतः प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर. बहुतेकांचं काही महिन्यांत ते वर्षभरात बरंच सुधारतं, हेच स्नायू आवळायचे असतात. ताठरता न येणं सोबत असेल तर तेही त्याच भेटीत बोला, दोन वेगळ्या लाजा सांभाळत बसू नका.

व्यायामाने पुरलं नाही तर पुढे बरंच आहे. घाईसाठी गोळ्या (काहींनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, वयस्कर माणसांत डोक्यावर परिणाम होऊ शकतो म्हणून विचारून), पिशवीच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं, अंग (गर्भाशय वगैरे) खाली आलं असेल तर योनीमार्गात बसवायची सिलिकॉनची रिंग म्हणजे पेसरी, आणि खोकल्याबरोबर गळणाऱ्यांसाठी मूत्रनलिकेला आधार देणाऱ्या जाळीच्या पट्टीचं ऑपरेशन. त्या जाळीच्या पट्टीचे काहींना नंतर त्रास झालेत, इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये तिचा वापर थांबवायला सांगितला होता, त्यामुळे सर्जनला फायदे-तोटे, आणि जाळीशिवायचे पर्याय, मोकळेपणाने विचारा.

माझं आज पूर्ण बंद आहे असं नाही. मोठी सर्दी झाली की दोन-चार दिवस परत पॅड, मग परत दिवसातून तीनदा व्यायाम. गेल्या महिन्यात मुलीने दोरी हातात दिली, मी आधी आवळून धरलं आणि अकरा उड्या मारल्या, बाराव्याला एक थेंब गेला, आत जाऊन कपडे बदलले आणि परत बाहेर आले.